तात्यांच्या रक्ताची साक्ष

तात्या: म्हणजे माझं रक्त खोटं बोलतंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?

सुईबाई: रक्त खोटं बोलत नाही, आजोबा.

तात्या: मग खोटं बोलायला उरलं कोण? मी!

लेक: तेच तर सगळे म्हणतायत, तात्या.

तात्या: ऐका! ही माझी सख्खी लेक. हिचा पहिला फोटो मी काढलाय, सुईबाई. भोकाड पसरलं होतं हिनं, तरी फोटोत हसरी आणली. त्याची ही परतफेड.

सुईबाई: माझं नाव सुईबाई नाही.

तात्या: आठ वाजता तुम्ही माझ्या दंडात सुई खुपसलीत, आता दहा वाजलेत. दोन तासांच्या ओळखीत टोपणनाव मिळालं, हे काही कमी नाही. मशीन परत चालवा.

सुईबाई: दोनदा चालवलं. सहा पूर्णांक एक. फिट येऊ नये म्हणून तुम्ही जे औषध घेता, ते रक्तात दहा ते वीसच्या मध्ये लागतं. खाली गेलं तर फिट येऊ शकते. वर गेलं तर तोल जातो, डोळे भिरभिरतात, जीभ जड होते. तुमचं सहा आहे. कमी आहे.

लेक: मागच्या महिन्यात चोवीस होतं. त्याच्या आधी सात. सात कसं आलं? औषध घेतलंच नाही म्हणून. डॉक्टर रागावले, मग यांनी दुप्पट ढोसलं, झालं चोवीस. आता पुन्हा कंटाळा आला, सहा.

तात्या: एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. सकाळी एक माप, संध्याकाळी एक माप. तुझ्या आईची शपथ.

लेक: आईची शपथ तुम्ही त्या तीन डोक्यांच्या माणसाच्या वेळीसुद्धा घेतली होती.

तात्या: तीन डोकी नव्हती. सांगायचं तर नीट सांग. सुईबाई, एक गिऱ्हाईक होतं, फोटोला बसलं की इतकं हलायचं, इतकं हलायचं, की एकाच फिल्मवर तिघंजण उमटले. दुसऱ्या दिवशी प्रती न्यायला तिघं आले. भांडत. एवढंच झालं होतं.

लेक: बघितलंत? आता अशा माणसाचं कुठलं खरं धरायचं आणि कुठलं सोडायचं?

सुईबाई: फोटोचं दुकान आहे का?

तात्या: दुकान किराण्याचं असतं, बाई. माझा स्टुडिओ आहे. चव्वेचाळीस वर्षं. अजून फिल्म स्वतःच्या हाताने धुतो. माझ्या डार्करूमचा अंधार तुम्ही बघायला हवा. इतका दाट, की दार उघडं राहिलं तर रस्त्यावर सांडतो. झाडूने लोटून आत घ्यावा लागतो.

लेक: त्याच अंधारात दोन महिन्यांपूर्वी तुम्ही दातखीळ बसून पडला होतात. टेबलाखाली. कपाळ फुटलं होतं. मी दार तोडायला लावलं तात्या. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

तात्या: मी पडलो नाही. जमीनच जरा वर आली.

लेक: पुरे.

तात्या: बरं. पडलो.

लेक: नऊ वर्षं एक फिट नव्हती यांना. गोळ्या घ्यायचे. मग गोळी घशात चिकटते म्हणाले, म्हणून डॉक्टरांनी तेच औषध पातळ दिलं. बाटली आली आणि यांचा कारभार बिघडला. ताई, आमचं यांच्याशी ठरलं होतं. तिसऱ्यांदा आकडा चुकला, की स्टुडिओची किल्ली माझ्याकडे, आणि हे आमच्या घरी मधल्या खोलीत. औषध मी माझ्या हाताने पाजणार.

तात्या: त्या मधल्या खोलीला दोन खिडक्या आहेत. उजेडच उजेड. माणसाने तिथे करायचं काय?

लेक: जगायचं. किल्ली काढा.

तात्या: ठमे, मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या.

लेक: माहीत आहे.

तात्या: तुझ्या नवऱ्याला मी सांगितलंय की मी एकदा ढगाचा ओळखपत्राचा फोटो काढला होता. तो अजून चारचौघांत सांगत फिरतो. पण हे औषध मी घेतलंय. रोज घेतलंय. आणि कागदावर डॉक्टरांनी काय लिहिलंय? वाचा की सुईबाई, तुमच्यासमोरच आहे.

सुईबाई: "रुग्ण औषध नियमित घेत नाही."

तात्या: मला थापाड्या म्हणा, हरकत नाही, ती माझी कमाई आहे. पण ही ओळ माझी नाही. ही माझ्या गळ्यात कुणीतरी दुसऱ्याची पाटी अडकवलीय.

सुईबाई: आजचा सकाळचा डोस घेतला का? रक्त दिल्या दिल्या घ्यायचा होता.

तात्या: नाही घेतला. म्हटलं, आकडा वेडावाकडा आला तर तुम्ही पुन्हा रक्त मागाल.

सुईबाई: दोन तास उशीर? असं करतात का? काढा बाटली. इथे, माझ्यासमोर घ्या.

लेक: हां. होऊन जाऊ दे. बघू तरी कसं घेता ते.

तात्या: बघा ना! डोळे फाडून बघा. ठमे, तो डबा दे इकडे. अगं आडवा नको! उभा! उभा धर!

लेक: बसमध्ये अर्धा तास हा डबा मांडीवर धरून बसले होते, जसं काही आत तान्हं बाळ झोपलंय. एका बाईने उठून यांना जागा दिली.

तात्या: आणि पुढच्या स्टॉपपर्यंत श्वास रोखून धरला तिने. बाई समजूतदार होती. हं, ठेवली बाटली. हे माझं माप. काचेचं, रेघा आखलेलं, डार्करूममधलं. नवं काढलं होतं हो, औषधासाठीच. चमच्याने औषध घेणारी माणसं मला आवडत नाहीत. आता जरा थांबू. पाच-दहा मिनिटं.

सुईबाई: कशाला?

तात्या: बसने हिसके दिलेत. बसू द्या जरा.

सुईबाई: काय बसू द्या?

तात्या: गाळ हो.

लेक: ही यांची नाटकं आहेत ताई. वेळ काढायचा, तेवढ्यात दुसरी गोष्ट सुरू करायची.

सुईबाई: एक मिनिट, तुम्ही थांबा. आजोबा, कुठला गाळ?

तात्या: खाली पांढरा पांढरा बसतो तो. आमच्या कामातला पहिला धडा आहे, बाई. घोळाची, म्हणजे फिल्म धुवायच्या द्रावणाची, बाटली हलवायची नाही. हलवली की फेस होतो, हवा मिसळते, फोटोवर डाग पडतात. बाटली एका जागी ठेवायची, गाळ तळाशी जाऊ द्यायचा, आणि वरचं नितळ तेवढं भिंतीवरून अलगद ओतायचं. असं. मापाच्या काठाला बाटलीचा ओठ टेकवून. माझ्या उस्तादाने मी एकदा बाटली हलवली म्हणून आठवडाभर मला नुसते ट्रे पुसायला लावले होते.

सुईबाई: आणि हे औषधसुद्धा तुम्ही असंच ओतता?

तात्या: चव्वेचाळीस वर्षांचा हात आहे. दुसरं येतंच कुठे? फडताळात वेगळी फळी केलीय, भिंतीकडची, म्हणजे येता-जाता धक्का लागायला नको. पहिले दहा-बारा दिवस तर काय सुंदर निघतं! पाण्यासारखं. शेवटी शेवटी घट्ट होतं, दह्यासारखं. पण टाकत नाही हं मी. डॉक्टरांनी पूर्ण बाटली संपवायला सांगितलीय, पूर्ण संपवतो. तळाला पाच-सहा दिवस नुसती मलई.

सुईबाई: बाटली द्या इकडे.

तात्या: हळू!

सुईबाई: खिडकीपाशी धरते फक्त. हलवत नाही. ताई, इकडे या. हे वरचं बघा. आता खाली, तळाशी बघा.

लेक: पांढरं आहे. थर आहे. म्हणजे खराब झालंय?

सुईबाई: खराब नाही. हेच औषध आहे. वरचं बहुतेक नुसतं गोड पाणी. याच्यावरचं लेबल कुठे गेलं?

तात्या: काढलं. कोमट पाण्यात भिजवून. मी सगळ्याच बाटल्यांची काढतो. अंधारात लेबल कोण वाचतं? बाटली बोटाला कळली पाहिजे. ही पट्टी लावलीय बघा, कडेला तीन खाचा. तीन खाचा म्हणजे माझं औषध.

सुईबाई: लेबलवर काय लिहिलं होतं?

तात्या: मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. आणि मी काही पुस्तक विकत घेतलं नव्हतं, औषध घेतलं होतं.

सुईबाई: ताई, बाटली कोण आणतं?

लेक: मीच. दर वेळी मीच आणते. खोक्यातून काढते आणि यांच्या हातात देते. खोकं... खोकं असतं माझ्या पर्समध्ये, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला. हे घ्या.

सुईबाई: तुम्हीच वाचा. इथे, बाजूला. ठळक आहे.

लेक: "वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा."

तात्या: काय?

लेक: "चांगली हलवा." तात्या, चांगली हलवा लिहिलंय. तीन महिने माझ्या पर्समध्ये आहे हे. मी एकदाही उलटून बघितलं नाही.

सुईबाई: आजोबा, ही बाटली कधी फोडली? अंदाजे सांगा, चालेल.

तात्या: अंदाजे कशाला? पट्टीवर तारीख आहे. घोळ उघडला की त्या दिवशीची तारीख टाकायची, त्याशिवाय हात पुसायचा नाही. आज सहावा दिवस. आणि आधीच्या रिकाम्या बाटल्यांच्या पट्ट्या या खिशातल्या वहीत चिकटवलेल्या आहेत. मागा, दाखवतो.

सुईबाई: दाखवा. चोवीस आलं ती तारीख माझ्याकडे आहे. त्या दिवशी बाटली किती दिवसांची होती?

तात्या: ही बघा... अठरा दिवसांची. संपत आली होती. मलईतच होतो.

सुईबाई: आणि सात आलं तेव्हा?

तात्या: पाच दिवसांची. नवीकोरी.

सुईबाई: फिट आली तो दिवस?

तात्या: त्याच बाटलीचा चौथा.

लेक: आणि त्या अठराव्या दिवसाच्या आधी तीन दिवस हे रस्त्याने झोकांड्या खात चालत होते. शेजारच्या काकू मला येऊन म्हणाल्या, तुमचे तात्या हल्ली सकाळी सकाळीच टाकून येतात वाटतं. मी काय केलं? मी यांच्या तोंडाचा वास घेतला, ताई.

तात्या: तो वास घ्यायलाच तू आली होतीस होय! मला वाटलं माया दाटून आली.

सुईबाई: आजोबा, नीट ऐका. तुम्ही बाटलीतून सुरुवातीला जवळजवळ नुसतं पाणी प्यायलात. रोज. मापून. आणि शेवटच्या दिवसांत सगळं औषध एकदम घेतलंत. तेही मापून. म्हणून रक्त एकदा खाली, एकदा वर.

तात्या: म्हणजे... थांबा. म्हणजे मी रोज घेत होतो.

सुईबाई: घेत होतात.

तात्या: एक थेंब कमी नाही.

सुईबाई: एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही.

तात्या: पुन्हा म्हणा. मोठ्याने म्हणा. बाहेर बाकावर नऊ माणसं बसलीत, मी मोजलीत, त्या सगळ्यांना ऐकू जायला हवं.

सुईबाई: आजोबांनी रोज औषध घेतलंय!

तात्या: अहाहा! सुईबाई, तुमचा हात हलका आहे, पण गळा फार भारी आहे. ठमे, ऐकलंस? ठमे? अगं रडतेस काय? मी जिंकतोय ना!

लेक: मी तुम्हाला खोटं ठरवत होते, आणि तुम्ही रोज त्या मापाच्या रेघेला डोळा लावून...

तात्या: तुझा काय दोष? मी जन्मभर अशी धूळ उडवून ठेवलीय, तू खरं शोधायचं कुठे? आणि तसं बघितलं तर पाडलं मला माझ्याच हाताने. उस्तादाचं इतकं ऐकलं, की टेबलाखाली पोचलो.

सुईबाई: मी डॉक्टरांना फोन लावते. ते आज डोस वाढवणार होते. हे औषध लहरी असतं, जरा वाढवलं की आकडा उडी मारतो, आणि तुम्ही पुन्हा तळाच्या मलईपाशी पोचला असतात तर... हॅलो, सर? खालून, लॅबमधून बोलतेय. हो, फोटोवाले आजोबा. सहा पूर्णांक एक. सर, डोस वाढवायच्या आधी एक ऐकाल? ते औषध घेत नाहीत असं नाही. ते बाटली हलवत नाहीत. हो... नाही, अजिबात नाही, उलट निवांत ठेवतात, गाळ बसवून वरचं ओततात. तारखा आहेत सर, त्यांच्याकडे सगळ्या बाटल्यांच्या तारखा आहेत. हो. जुळतात, तिन्ही जुळतात. हो सर. तोच डोस. नवी बाटली. तीन आठवड्यांनी परत. सांगते.

तात्या: आणि ती ओळ? कागदावरची?

सुईबाई: सर, आणखी एक, त्या शेऱ्याचं काय करायचं? हं. ते म्हणतात, तीन आठवड्यांनी आकडा नीट आला, की स्वतःच्या हाताने खोडतील.

तात्या: ठीक आहे. पेन भरून ठेवायला सांगा. आणा ती बाटली, हलवतो आणि घेतो.

सुईबाई: ती आता बाद. वरचं पाणी तुम्ही काढून घेतलंत, राहिलेलं जास्त कडक झालंय. आता हलवली तरी प्रमाण चुकणारच. ताई, खाली औषधाच्या दुकानातून नवी घेऊन या. आजचा डोस त्यातलाच.

लेक: आणते. आणि तात्या...

तात्या: किल्ली ना? ही घे. ठरलं ते ठरलं. तिसरा आकडा चुकलाय.

लेक: तीन आठवडे ठेवा तुमच्याकडे. पण दार आतून लावायचं नाही.

तात्या: अर्धा अंधार सांडेल.

लेक: सांडू दे. मी झाडून देईन.

(तीन आठवड्यांनंतर. तीच खोली. दंडावरचा कापूस अजून तसाच ठेवून तात्या खुर्चीत बसले आहेत. रिपोर्ट यायची वेळ झाली आहे.)

सुईबाई: सकाळचा डोस घेतला?

तात्या: रक्त दिलं आणि लगेच घेतला. बाहेरच्या बाकावर उभा राहून बाटली हलवली. लोकांना वाटलं, मी काहीतरी उद्घाटन करतोय.

सुईबाई: सवय झाली म्हणायची.

तात्या: अहो, पहिले तीन दिवस हात उठेना. बाटली धरली की उस्ताद कानाशी ओरडायचा. चौथ्या दिवशी मी त्याला म्हटलं, तुम्ही आता वर आहात, खालचं मला बघू द्या. आणि मग जी हलवली, जी हलवली! शेजारच्या काकू विचारायला आल्या, मशीन नवं घेतलंत का म्हणून. दहा वेळा वर, दहा वेळा खाली. लेबल मी तसंच ठेवलंय बरं का. भिंगाने रोज वाचतो. "चांगली हलवा." काय भाषा आहे! तीन शब्दही नाहीत, आणि माणूस जिवंत राहतो.

सुईबाई: चक्कर? झोकांड्या?

तात्या: परवा एका आजीबाईंचा फोटो काढला. कॅमेऱ्यामागे पाऊण तास एका पायावर उभा होतो.

सुईबाई: एका पायावर?

तात्या: बरं, दोन. आणि वीस मिनिटं. तुमच्याशी बोलताना हल्ली हिशेबात राहावं लागतं. ठमी कुठे गेली?

सुईबाई: बाहेर फोनवर आहेत. दोनदा आत डोकावून गेल्या. तुमच्यापेक्षा त्यांनाच धाकधूक जास्त.

तात्या: काल संध्याकाळपासून जेवणात लक्ष नाही तिचं. मला म्हणाली, आकडा चुकला तरी मी किल्ली मागणार नाही. मी म्हटलं, मग मी कशासाठी एवढी बाटली हलवतोय? मागायलाच हवी. तू मागायची आणि मी द्यायची नाही, यात गंमत आहे.

सुईबाई: आलं. मशीनने कागद सोडला.

तात्या: वाचू नका. आधी चेहरा दाखवा. मी चेहऱ्यावरून उजेड किती आहे ते सांगतो... उजेड चांगला आहे.

सुईबाई: चौदा पूर्णांक दोन.

तात्या: चौदा.

सुईबाई: दहा आणि वीसच्या मध्ये. अगदी मध्याला टेकून.

तात्या: चौदा! सुईबाई, मी चव्वेचाळीस वर्षं माणसं चौकटीच्या मधोमध बसवली, आज तुम्ही मला बसवलंत. आता डॉक्टरांना लावा फोन.

सुईबाई: फोन कशाला, ते स्वतःच खाली येऊन गेले. तुम्ही मगाशी हात धुवायला गेला होतात तेव्हा. कागद छापून यायच्या आधीच मशीनच्या पडद्यावर आकडा बघितला आणि हे करून गेले. हा तुमचा कागद.

तात्या: आडवी रेघ. चांगली जाड आहे. खाली काय लिहिलंय? माझा चष्मा...

सुईबाई: "रुग्ण औषध नियमित घेतो. तारखाही ठेवतो."

तात्या: तारखासुद्धा? तेवढं त्यांनी आपणहून घातलं?

सुईबाई: आपणहून.

तात्या: हे मी चौकटीत लावणार. स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर. नवरा-नवरीचे फोटो उतरवून... हं, ठमे, ये. आत ये.

लेक: काय आलं?

तात्या: चौदा.

लेक: चौदा?

तात्या: चौदा.

लेक: एवढंच? काही जोडलं नाहीत? मशीन थरथरलं, बाहेरची नऊ माणसं उठून उभी राहिली, असं काही?

तात्या: यात जोडायला जागाच नाही, पोरी.

लेक: आमच्या घरून, नवऱ्याचा पुन्हा फोन. मगाचपासून तिसऱ्यांदा. हॅलो? हो. चौदा. हो, नीट आहे, अगदी नीट. काय? नाही, कागद मी नाही बघितला.

सुईबाई: ताई, कागद इथे आहे, हा घ्या.

लेक: असू द्या, तात्यांपाशीच असू द्या. हॅलो? हो, ऐकतेय. कागद कशाला बघायचा? तात्या म्हणाले ना.